मुरगळलेला पाय पुन्हा मैदानावर कसा आणायचा: शाळकरी खेळाडूंच्या दुखापतींसाठी क्रमवार मार्गदर्शक

पोराचा पाय मुरगळला की आपल्याकडे पुढचा क्रम ठरलेला असतो. मैदानावर कुणीतरी पाय ओढून 'कट' आवाज काढतं, संध्याकाळी घरी गरम पाण्याचा शेक, रात्री तेल लावून मालिश. सकाळी सूज दुप्पट. तिसऱ्या दिवशी दुखणं थांबवणारं इंजेक्शन आणि आठवड्यात तालुक्याचा सामना. महिनाभरात तोच पाय पुन्हा मुरगळतो आणि 'याचा पायच कच्चा आहे' म्हणून सगळे मोकळे होतात. पाय कच्चा नसतो. जे चौथ्या दिवसापर्यंत टाळायचं ते पहिल्या रात्री केलेलं असतं, आणि जे तिसऱ्या आठवड्यात करायचं ते कुणी केलेलंच नसतं.

खालचा क्रम साधारण १० ते १८ वयाच्या खेळाडूंसाठी, त्यांच्या क्रीडाशिक्षकांसाठी आणि आई-वडिलांसाठी आहे. घोटा धरून लिहिलं आहे, कारण कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, धावणं, सगळीकडे सर्वांत जास्त तोच मुरगळतो. दुसऱ्या दुखापतींत काही वेगळं करायचं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

## १. दुखापत होण्याआधीची तयारी

मैदान. काळ्या मातीचं मैदान एप्रिल-मेमध्ये भेगाळतं आणि पहिल्या पावसानंतर निसरडं होतं. शालेय स्पर्धांचा सराव नेमका याच दिवसांत सुरू होतो. सरावाआधी चार पोरांना एका रांगेत उभं करून मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवा. खडे, काचा, बाभळीचे काटे वेचले जातात आणि खड्डे नजरेला येतात. कोरड्या दिवसांत आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडून ठेवा. सरावाच्या तोंडावर मारलं तर वरचा थर घसरतो. खो-खोच्या पोलला खिळे, कड, चिरा आहेत का ते हात फिरवून पाहा.

मातीवर वर्षभर खेळून स्पर्धेला थेट मॅटवर उतरणाऱ्या संघांनी विशेष जपावं. मातीत पाऊल थोडं सरकतं, मॅटवर ते जागीच धरलं जातं आणि अंग पुढे जातं. गुडघे आणि घोटे तिथेच फिरतात. स्पर्धेआधी दोन-चार दिवस तरी मॅटवर सराव मिळतो का ते पाहा, नसेल तर पहिल्या सामन्याआधी अर्धा तास नुसती दिशा बदलण्याची सवय करा.

पेटी. चार इंची क्रेप बँडेज तीन, चिकटपट्टी, गॉज, कात्री, साबण, हातमोजे, ओआरएसची पाकिटं, जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे आणि एक त्रिकोणी फडकं. वेदनाशामक स्प्रेचा डबा नसला तरी चालतं. त्याच्या थंडाव्यानं पोराला बरं वाटतं आणि ते लगेच खेळायला उठतं, हाच त्याचा तोटा.

बर्फ. सरावाच्या वेळी वीज असेल याची खात्री नसते, म्हणून शाळेच्या फ्रिजवर विसंबू नका. जवळच्या रसवंतीत लादी असते, किराणा दुकानात पोरं 'पेप्सी' म्हणतात त्या प्लास्टिकच्या नळीतल्या कांड्या असतात. चार कांड्या रुमालात गुंडाळल्या की घोट्याभोवती छान बसतात. नंतर खाताही येतात, त्यामुळे पेशंट वीस मिनिटं हलत नाही.

वही. प्रत्येक खेळाडूचं एक पान: पालकांचा नंबर, औषधाची अॅलर्जी, आधीच्या दुखापती, धनुर्वाताची लस कधी झाली. शासकीय लसीकरणात १० आणि १६ व्या वर्षी टीडीची (धनुर्वात आणि घटसर्पाची) लस असते, पण ती घेतली का हे विचारल्याशिवाय कळत नाही. गुडघे-कोपरं सोलवटणं रोजचंच आहे. जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं माती निघेपर्यंत धुवायची. त्यात हळद, चुना, टूथपेस्ट काही भरायचं नाही.

*पडताळणी: आत्ता, या क्षणी, कुणी पडलं तर बर्फ किती मिनिटांत येईल? दहापेक्षा जास्त असेल तर तयारी झालेली नाही.*

## २. पहिली पाच मिनिटं: आधी जीव, मग पाय

पडलेल्या पोराला लगेच उभं करू नका. दोघांनी बगलेत हात घालून उचलणं ही मैदानावरची सर्वांत मोठी चूक आहे. आधी तीन गोष्टी पाहा.

डोकं आणि मान. कबड्डीत पकडीच्या वेळी गुडघा डोक्याला लागतो, खो-खोत दोन पोरं एकमेकांवर आदळतात. बेशुद्ध झाला, गोंधळल्यासारखा बोलतोय, आपण कुठल्या संघाशी खेळतोय ते सांगता येत नाही, चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी, उलटी: यातलं एक जरी असलं तरी त्या दिवशी तो पुन्हा खेळणार नाही. दहा मिनिटांत बरा वाटला तरी नाही. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या सुरू राहिल्या, झोपाळू झाला, झटका आला, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखं वाहिलं तर १०८ ला फोन. मान दुखत असेल किंवा हातापायांना मुंग्या असतील तर त्याला जागचं हलवू नका, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि अँब्युलन्सची वाट पाहा. चप्पल किंवा कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका.

ऊन. धावताना कोसळला, अंग तापलंय आणि असंबद्ध बोलतोय, तर तो उष्माघात समजा. इथे क्रम महत्त्वाचा: आधी थंड करा, मग हलवा. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओतत राहा, ओल्या चादरीवर वारा घाला, बर्फ असेल तर मान, काखा, जांघेत ठेवा. १०८ ची गाडी येईपर्यंत हे थांबवायचं नाही. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

हाड. पाय वाकडा दिसतो, हाड बाहेर आलंय, पावलाची बोटं गार किंवा निळी पडली आहेत, तर सरळ करायला जाऊ नका. आहे त्या स्थितीत पुठ्ठ्याचा आधार बांधा आणि थेट रुग्णालय गाठा.

हे तिन्ही नसेल तर घोट्याकडे वळा. बूट-मोजा काढा आणि एका बोटानं, घाई न करता, चार जागा दाबून पाहा:

१. बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड, खालच्या टोकापासून वर चार बोटांपर्यंत.
२. आतल्या घोट्याच्या हाडाची तीच कड.
३. करंगळीच्या बाजूनं पावलाच्या मध्यावर लागणारा हाडाचा उंचवटा.
४. आतल्या बाजूला, पावलाच्या कमानीच्या वरचं हाड.

घोट्याच्या पुढच्या मऊ खळग्यात दुखणं वेगळं आणि हाडावर बोट ठेवताच पाय मागे ओढणं वेगळं. तोंडाकडे पाहत दाबा. 'दुखतंय का?' विचारलं तर निम्मी पोरं संघातली जागा जाईल म्हणून नाही म्हणतात, चेहरा मात्र सांगतो.

मग आधार देऊन उभं करा आणि चार पावलं टाकायला सांगा. लंगडत टाकली तरी चालतील.

> इशारा: वरच्या चारपैकी कुठल्याही एका हाडावर दाबल्यावर दुखलं, किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे लागतो. 'उद्या बघू' नाही.

गुडघ्याचं एक लक्षात ठेवा. वळताना आतून 'कट्' आवाज आला, दोन-तीन तासांत गुडघा भरून सुजला किंवा अडकून बसला, तर तो नुसता मुका मार नाही. लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना जोडणारा पट्टा, तुटलेलं असू शकतं. पाय स्थिर करून अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या.

## ३. पहिले दोन-तीन दिवस: कमी करा, पण नीट करा

बर्फ: कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, लहान पोरांना १० ते १५. दोन-तीन तासांनी पुन्हा. बर्फ थेट कातडीवर ठेवला तर भाजल्यासारखी इजा होते. बर्फानं लिगामेंट जुळत नाही, वेदना कमी होते एवढंच. म्हणून बर्फ लावून त्याच सामन्यात परत उतरवणं म्हणजे दुखण्याची खबर देणारी घंटा कापून टाकणं.

बँडेज: इथे बहुतेकांचं चुकतं, म्हणून सावकाश वाचा. पाऊल नडगीशी काटकोनात ठेवा. पाऊल खाली सोडलेलं असताना बांधलेलं बँडेज चालायला लागताच सैल होतं. सुरुवात बोटांच्या मुळाशी, बोटं उघडी. दोन वेढे पावलाभोवती, मग तिरपं वर घोट्याच्या मागून, पुन्हा तिरपं खाली तळव्याखालून, म्हणजे समोरून इंग्रजी आठचा (8) आकडा दिसेल. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा निम्मा भाग झाकतो. टाच उघडी सोडू नका, नाहीतर सगळी सूज तिथे फुगते. ताण खाली जास्त, वर जाताना कमी. पोटरीच्या खाली थांबा.

*पडताळणी: अंगठ्याचं नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. मुंग्या, गारवा, निळेपणा, ठणका वाढणं, काहीही असलं तर सोडून पुन्हा बांधा. रात्री झोपताना काढा.*

उंची: पाय छातीच्या वर येईल इतक्या उशा किंवा घड्या घातलेल्या वाकळा. खाटेवर पाय लोंबकळत ठेवून मोबाईल बघणं म्हणजे विश्रांती नव्हे.

आणि हे करू नका: शेक, गरम लेप, गरम वाळूची पोटली, तेल लावून चोळणं, पाय ओढून 'बसवणं'. पहिल्या दोन-तीन दिवसांत उष्णतेनं आणि चोळण्यानं आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. घरातल्या मोठ्यांशी यावरून वाद होतो. आजींना 'तुमचं चूक' म्हणण्यापेक्षा 'चौथ्या दिवसापर्यंत थांबू' म्हणून बघा. एवढी सूट पुरते.

हाड बसवणाऱ्याकडे बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलेला पाय हा प्रकार मात्र सूट देण्यासारखा नाही. आत सूज वाढत असताना बाहेरून आवळलं की रक्तपुरवठा बंद होऊ शकतो आणि पाय गमावण्याची वेळ येते.

गोळी द्यायचीच असेल तर वजनानुसार पॅरासिटामॉल, डॉक्टरांना विचारून. १६ वर्षांखालच्या मुलांना अॅस्पिरिन देऊ नका. आणि सामन्याच्या सकाळी गोळी किंवा इंजेक्शन घेऊन खेळवणं कुठल्याही करंडकासाठी नाही.

## ४. डॉक्टरांकडे: काय सांगायचं, काय विचारायचं

वाढत्या वयात हाडाच्या टोकाला कूर्चेची वाढीची चकती असते. ती मुलींत साधारण १४-१५ आणि मुलांत १६-१७ वर्षांपर्यंत उघडी राहते. मोठ्या माणसाचं लिगामेंट ताणलं जातं त्याच झटक्यानं मुलाची ही चकती दुखावू शकते, कारण त्या वयात ती लिगामेंटपेक्षा कमकुवत असते. एक्स-रेत ती दुखापत कधी कधी दिसतही नाही. म्हणून एक्स-रे 'क्लिअर' आला तरी हाडावर दाबून दुखत असेल तर डॉक्टरांना बोटानं ती जागा दाखवा आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासायचं का, ते विचारा.

सोबत नेण्याची माहिती: पाय आत वळला की बाहेर, आवाज आला का, सूज किती वेळात आली, लगेच चालता आलं का, याआधी हाच पाय मुरगळला होता का. विचारायचं ते: वजन कधीपासून टाकायचं, फिजिओथेरपी कधी सुरू करायची. अंबाजोगाई, लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अस्थिरोग विभाग आहेत. 'आराम करा' एवढ्या सल्ल्यावर परत येऊ नका, कारण पुढची पायरी तिथेच निसटते.

## ५. चौथ्या दिवसापासून: पाय पुन्हा शिकवणं

हाड शाबूत असल्याची खात्री झाली, ठणका कमी झाला की हालचाल सुरू. तीन आठवडे खाटेवर काढले तर पोटरी बारीक होते आणि घोटा आखडतो.

हालचाल. बसून, पाय अधांतरी, अंगठ्यानं हवेत 'क' पासून 'ज्ञ' पर्यंत मुळाक्षरं काढायची. दिवसातून तीन वेळा. टॉवेल तळव्याला अडकवून पाऊल स्वतःकडे ओढायचं, ३० सेकंद, तीनदा.

ताकद. सायकलची जुनी ट्यूब खाटेच्या पायाला बांधा, पावलात अडकवा आणि पाऊल बाहेरच्या बाजूला ढकला. १५ वेळा, तीन फेऱ्या. मग भिंतीला हात लावून दोन्ही टाचा उचलणं. ते सोपं गेलं की एका पायावर.

तोल. हाच भाग सगळे गाळतात आणि पाय पुन्हा मुरगळण्याचं मोठं कारण हेच. लिगामेंट ताणलं की पाऊल कुठे, कसं पडतंय याची मेंदूला मिळणारी खबर बोथट होते. दुखणं थांबलं तरी ती आपोआप परत येत नाही. एका पायावर उभं राहणं ३० सेकंद, मग डोळे मिटून, मग दुमडलेल्या वाकळेवर, मग त्याच स्थितीत समोरच्यानं फेकलेला चेंडू झेलत. दात घासताना केलं तरी चालतं. किमान सहा आठवडे, खेळायला लागल्यावरही.

*पडताळणी: व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर काल जास्त झालं. एक पायरी मागे या.*

## ६. मैदानावर परत: तारीख नव्हे, चाचणी

साधी मुरगळ एक-दोन आठवड्यांत, मधली तीन ते सहा आठवड्यांत, मोठी काही महिन्यांत बरी होते. पण कॅलेंडर पाहून सोडू नका. आधी या चार चाचण्या, दोन्ही पायांनी, तुलना करत:

- भिंत: भिंतीकडे तोंड करून, टाच जमिनीला टेकलेली ठेवून गुडघा भिंतीला लावायचा. अंगठा भिंतीपासून किती लांब नेता येतो ते मोजा. दोन्ही पायांचं अंतर जवळजवळ सारखं हवं. खो-खोत बसून उठणाऱ्याला हे सर्वांत आधी लागतं.
- टाच: एका पायावर २० वेळा टाच उचलणं, न दुखता.
- तोल: डोळे उघडे ठेवून एका पायावर ३० सेकंद, न डगमगता.
- उडी: एका पायावर सलग तीन उड्या पुढे. दोन्ही पायांच्या अंतरात फारसा फरक नको, आणि उतरताना भीती नको.

चारही जमलं तर पुढचा क्रम, एका टप्प्याला किमान एक दिवस: अर्धा तास भरभर चालणं. सरळ रेषेत हलकं धावणं. सरळ वेगानं. मोठ्या इंग्रजी आठच्या (8) आकड्यात, मग लहान आठमध्ये. अचानक थांबणं आणि वळणं. मग खेळातलं: कबड्डीवाल्यानं आधी समोर कुणी नसताना चढाई, नंतर पकड न करणाऱ्या बचावासमोर, शेवटी पूर्ण पकड. खो-खोवाल्यानं आधी नागमोडी पळती, मग पोलवरचं वळण, सगळ्यात शेवटी सूर मारणं. दोन पूर्ण सराव विनात्रास झाले की सामना.

पुढचे सहा महिने ते वर्षभर सामन्यात घोट्याला लेस असलेला आधार किंवा टेप ठेवा. त्यानं पाय 'लाडावतो' हा गैरसमज आहे. तोलाचा सराव सोबत चालू असला की झालं.

डोक्याच्या दुखापतीत हा क्रम वेगळा: पहिले एक-दोन दिवस शांतता, मग आधी शाळा-अभ्यास विनात्रास, मग हलका व्यायाम, मग टप्प्याटप्प्यानं, आणि टक्कर होणारा खेळ डॉक्टरांच्या परवानगीनंतरच.

> इशारा: दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी 'एवढा एक सामना' खेळवण्याचा दबाव पालकांकडूनही येतो. चाचणीचा निकाल वहीत लिहून पालकांची सही घ्या. लिहिलेलं असलं की बोलणं सोपं जातं.

## ७. न पडता होणारी दुखणी

मे महिना घरी बसून काढायचा आणि जुलैत एकदम रोज दोन तास सराव, किंवा पोलीस भरतीची जाहिरात आली की दुसऱ्या दिवसापासून डांबरी रस्त्यावर १६०० मीटर. हाडांना याची तयारी नसते.

नडगी. आतल्या कडेला खालच्या बाजूस वीतभर पट्ट्यात दुखतं आणि धावायला लागल्यावर कमी होतं, तर ताण कमी करून सावरतं. पण एका बोटाखाली मावेल एवढ्याच जागी दुखतं, धावताना वाढतं, रात्रीही ठणकतं, तर हाडाला बारीक चीर असू शकते. धावणं पूर्ण बंद, डॉक्टर. पहिला एक्स-रे इथेही फसवू शकतो.

टाच (८ ते १४ वर्षं) आणि गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा (१० ते १५ वर्षं). वाढीच्या वयातली ही दुखणी हाड लवकर वाढतं आणि स्नायूचा ताण त्याच्या टोकावर येतो म्हणून होतात. पूर्ण बंदी लागत नाही. उड्या आणि वेगाचं धावणं कमी करा, पोटरी-मांडी ताणण्याचे व्यायाम द्या, सरावानंतर बर्फ. दुखणं शून्य ते दहात मोजलं तर तीनपर्यंत चालेल, लंगडायला लागला की थांबवा.

मुलींबाबत एक प्रश्न विचारायला सर लोक कचरतात, तो बाईंनी विचारावा: पाळी सलग तीन महिने चुकली आहे का? सराव भरपूर आणि जेवण अपुरं असलं की आधी पाळी थांबते, मग हाडं चिरतात. भाकरी-वरण-अंडी-शेंगदाणे पोटभर मिळतात का, हे विचारणं हाही उपचाराचाच भाग आहे.

## ८. सराव कसा वाढवायचा

आठवड्याचं अंतर किंवा वेळ मागच्या आठवड्यापेक्षा साधारण दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका. आठवड्याचे एकूण सरावाचे तास वयाच्या आकड्यापुढे नेऊ नका: १२ वर्षांच्या पोराला १२ तास ही वरची मर्यादा. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. भरतीची तयारी करणाऱ्यांनी निम्मं धावणं तरी मातीवर करावं, आणि पहाटे अंधारात रस्त्याच्या कडेनं धावू नये. खड्डा दिसत नाही आणि ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही.

एप्रिल ते जूनमध्ये सराव सकाळी आठच्या आत आटपा. सुट्टीहून परतलेल्या पोरांना उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर वेळ निम्मी. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी, तहान लागो न लागो. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच पूर्ण घाला. तांब्यात अंदाजानं घातलेलं घट्ट पाणी त्रास देतं.

सरावाआधी दोन फेऱ्या मारून हात वर-खाली करणं पुरत नाही. १५ ते २० मिनिटं काढा: हलकं धावणं, पाय झुलवणं, लांब पाऊल टाकून गुडघा वाकवणं, एका पायावर तोल, उडी मारून मऊ उतरणं, शेवटी दोन-तीन छोट्या धावा. उतरताना गुडघे आत एकमेकांकडे झुकतात का ते समोर उभं राहून पाहा. ज्यांचे झुकतात त्यांना आधी आरशासमोर उठाबशा, उड्या नंतर. स्नायू धरून ताणण्याचे व्यायाम सराव संपल्यावर.